सेगुलाचे वाल

सेगुला वाक्रुळकर आणि माझं पहिलं भांडण न्यू जर्सीतल्या पार्सिपनीच्या इंडियन ग्रोसरीत झालं, कडव्या वालांच्या शेवटच्या पाकिटावरून. दोघींचा हात एकदमच पडला. मी म्हटलं, मी सीकेपी, पेणची, बिरड्यावाचून आमचं पान हलत नाही. ती शांतपणे म्हणाली, मी बेने इस्राएल, अलिबागकडची ज्यू, आणि या आठवड्यात आमचा सण आहे. सण म्हटल्यावर मी पाकीट सोडलं, पण तोंड वाकडं करूनच. घरी आले तर ही बाई आमच्याच ओळीत, भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात सामान लावत होती. सण झाला त्या रात्री ती वाडगाभर बिरडं घेऊन माझ्या दारात उभी राहिली.

बिरडं चांगलं होतं. तिला मी तसं कधीच सांगितलं नाही. नारळाचं दूध सढळ हातानं घातलेलं, हिरव्या मिरची-कोथिंबिरीचं वाटण, पण गुळाचा खडा म्हणून नाही. मी म्हटलं, अगं, गुळाशिवाय बिरडं म्हणजे काय, औषध? ती म्हणाली, तुम्ही लोक गूळ घालून बिरड्याचं पुरण करून टाकता. पुढची नऊ-दहा वर्षं हे भांडण आम्ही जपून वाढवलं. एकदा मी हट्टानं तिला गुळाचा डबा भरून दिला, स्टीलचा, झाकणावर माझं नाव कोरलेला. गूळ मुंग्यांना घातला असं तिनं मला तोंडावर सांगितलं, आणि डबा केव्हाच परत केला असं शपथेवर सांगितलं. तो माझ्याकडे काही आला नाही. डबा घरातच हरवला असं समजून मी माझ्या सुनेला, दीपाला, दोन वर्षं बोल लावला.

तिचा तो सण म्हणजे काय हे मला पुढच्या उन्हाळ्यात कळलं. दिवसभर पाण्याचा थेंब नाही. जमिनीवर बसायचं, कातड्याची चप्पल घालायची नाही, कोणाला नमस्कार-चमत्कार करायचा नाही. यरुशलेमचं देऊळ जळालं त्याचं दुःख. त्याआधीचे आठ दिवसही घरात मटण शिजत नाही. आणि रात्री उपास सोडायचा तो मोडाच्या वालांवर. याला त्यांच्याकडे बिरड्याचा सण म्हणतात. मी म्हटलं, सेगुला, सुतकाला सण कोण म्हणतं गं?

ती ओट्याला टेकून उभी होती. वाल सोलता सोलता तिनं सांगितलं.

"आमची माणसं जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागली, असं आजी सांगायची. पोथ्या बुडाल्या. मग हळूहळू प्रार्थना विसरल्या, भाषा विसरली, देवळाचं नावसुद्धा विसरलं. पण या महिन्यात या दिवशी उपाशी राहायचं आणि रात्री वाल खायचे, एवढं बायकांनी सोडलं नाही. कोणासाठी, ते माहीत नव्हतं. शेकडो वर्षांनी बाहेरून शिकलेली माणसं आली आणि म्हणाली, अहो, हे त्या देवळाचं. तेव्हा आम्हाला कळलं, इतकी वर्षं आम्ही कोणाचं सुतक धरून बसलो होतो."

 कारण विसरलं, आणि दिवस विसरला नाही. माझ्या हातावर काटा उभा राहिला होता. तो दिसू नये म्हणून मी विचारलं, ते सगळं खरं, पण सण का?

"मोड आलेलं धान्य पानात घ्यायचं," सेगुला म्हणाली, "आणि त्याला सण नाही म्हणायचं?"

या उन्हाळ्यात, ते आठ दिवस चालू असतानाच, एका सोमवारी सेगुला गेली. सकाळी अंगणातल्या कुंड्यांना पाणी घालत होती. दुपारी हॉस्पिटलमध्ये तिचं सगळं संपलेलं होतं. मी तिच्याशी आदल्या संध्याकाळी बोलले होते, तेही कुंपणावरून, कचऱ्याच्या डब्यांबद्दल. शेवटचं बोलणं कचऱ्याबद्दल व्हावं याचा मला अजून राग येतो.

तिचा नवरा एझ्राभाऊ मुळातच कमी बोलणारा माणूस. घरातलं बोलण्याचं खातं सेगुलाकडे होतं. त्यांची मुलगी यायेल सनीव्हेलला चिप डिझाइनचं काम करते, ती मिळेल त्या विमानानं आली. त्यांच्यात मातीला उशीर करत नाहीत, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी आम्ही दफनभूमीत उभे होतो. साधी लाकडी पेटी, फुलं नाहीत. पहिली माती फावड्याच्या उलट्या बाजूनं लोटायची असते. या कामाची आपल्याला घाई नाही, हे दिसावं म्हणून, असं यायेलनं मला हळूच सांगितलं. आपलं झालं की फावडं पुढच्याच्या हातात द्यायचं नाही, मातीत रोवून बाजूला व्हायचं. दुःख हातोहात द्यायचं नसतं म्हणे. एझ्राभाऊंनी माती लोटली, फावडं रोवलं आणि बाजूला झाले. सोमवारपासून त्यांच्या तोंडून एक शब्द आला नव्हता आणि पोटात चहाशिवाय काही गेलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायपास झालेली. औषधं रिकाम्या पोटी चालत नाहीत, असं यायेल मला गाडीत तीनदा सांगत होती.

दफनाहून परत आल्यावरचं पहिलं जेवण घरचं चालत नाही. ते शेजाऱ्यांनी आणायचं. यायेलनं मला आदल्या रात्रीच विचारून ठेवलं होतं, "मावशी, तू आणशील? आमच्या किचनमधलं नाही चालत." मी उकडलेली अंडी आणि मुगाची खिचडी केली. अंडी लागतातच, कारण ती गोल असतात आणि त्यांना तोंड नसतं. ज्याचं माणूस गेलंय त्यालाही तोंड नसतं. हे मला सेगुलानंच कधीतरी सांगितलेलं.

सुतकाच्या रिवाजाप्रमाणे घरातले आरसे चादरींनी झाकले होते. एझ्राभाऊ दिवाणखान्यात एका बुटक्या स्टुलावर बसले, शर्टाची कॉलर फाडलेली, पायात नुसते मोजे. तिथून सरळ स्वयंपाकघर दिसतं. सिनेगॉगमधली, म्हणजे त्यांच्या प्रार्थनामंदिरातली, चार-पाच माणसं भिंतीलगत गप्प बसली होती, कारण सुतकातला माणूस बोलल्याशिवाय आपण बोलायचं नाही असा त्यांचा नियम. मी स्वयंपाकघरात शिरले. खिचडी गार झाली होती. थोडी गरम करावी म्हणून मी ओव्हनचं बटण दाबलं आणि तो तापेपर्यंत अंडी सोलायला घेतली.

ओव्हनच्या आत दिवा लागलेला मला दिसला होता. वाटलं, यायेलनं सकाळी चुकून लावला असेल, या मुलींना वीज म्हणजे काय वाटते. माझ्या स्वतःच्या ओव्हनमध्ये दिवा लावून इडलीचं पीठ ठेवलेलं असतं. दिव्याच्या तेवढ्या उबेत ते फुगतं. इथल्या एकूण एक मराठी घरात कोणी ना कोणी आत न बघता बटण दाबून पीठ जाळलंय आणि प्लास्टिकचं भांडं वितळवलंय. दीपानं तसं केलं तेव्हा मी तिला आठवडाभर ऐकवलं होतं. आणि तरीही मी आत पाहिलं नाही.

"ओव्हन बंद करा."

आवाज इतका खरखरीत होता की कोणाचा ते मला कळलंच नाही. वळून बघते तो एझ्राभाऊ स्टुलावरून उठून धावत आले होते. मोज्यांवर घसरता घसरता सावरले. मला बाजूला सारून त्यांनी दार उघडलं, आत हात घातला आणि उघड्या हातांनी स्टीलची चाळणी बाहेर काढली. चाळणीत पांढऱ्या मलमलची एक गच्च बांधलेली पुरचुंडी होती. वरच्या गाठीतून वाफ येत होती.

मला ओळखायला क्षण लागला नाही. सेगुला या दिवसासाठी वाल आधीच भिजवायची. इथल्या एसीत त्यांना वेळ लागतो, आणि उपासाच्या दिवशी घाई नको. कालपासून ती पुरचुंडी ओव्हनमध्ये होती, दिवा जळत होता, आणि घरात कोणाला त्याचं भान नव्हतं. एझ्राभाऊंना होतं. ते काल रात्रभर त्या स्टुलाच्या जागी बसून त्या दिव्याकडेच बघत होते, हे यायेलनं मला नंतर सांगितलं.

त्यांनी चाळणी ओट्यावर ठेवली. हात पोळले होते, पण गाठ त्यांनीच सोडली. यायेल आली, मागून ती भिंतीलगतची माणसंही आली. फडकं उघडलं.

वालांना मोड आले होते. तांबूस सालं फुटून प्रत्येकातून एक पांढरा, वळलेला कोंभ बाहेर आलेला.

"काल सकाळी तिनं बांधले," एझ्राभाऊ म्हणाले. "मी बाजूला उभा होतो. तेव्हा मोड नव्हते."

त्यांनी एक कोंभ बोटानं वळवून पाहिला.

"म्हणजे हे ती गेल्यावर आलेत."

मी जन्मभर वाल भिजवले आहेत. मोड येतात, यात मला आजवर कधी काही विशेष वाटलं नव्हतं. त्या ओट्यापाशी मात्र मी फडक्याचं टोक धरून उभी राहिले. जिनं गाठ मारली ती दोन तासांपूर्वी मातीत गेली होती, आणि गाठीच्या आत तिचं काम चालूच राहिलं होतं. तिला कोणी थांब म्हणालं नव्हतं. आणि मी बटण दाबलं होतं.

"भाजले का, शैलजाताई?" एझ्राभाऊंनी विचारलं.

वाल पोळला तर त्या दिवशी कळत नाही. दिसतो तसाच. दुसऱ्या दिवशी बुळबुळीत होतो आणि वास येतो. मी खरं ते सांगितलं, की उद्या कळेल.

त्यांनी मान हलवली. मग यायेलकडे न बघता म्हणाले, "जिवंत असतील तर गुरुवारी रात्री सण करू. नसतील तर मला कोणी खायचा आग्रह करू नका."

यायेल म्हणाली, "बाबा, प्लीज. डोंट डू धिस." ते जाऊन स्टुलावर बसले. अंडं बशीत तसंच राहिलं.

मी पुरचुंडी घेऊन निघाले तेव्हा यायेल दारापर्यंत आली.  "मावशी, ते बोलले म्हणजे तसंच करतात. मला एकाच आठवड्यात दोघांना..." पुढचं तिला म्हणता आलं नाही. मी तिला जवळ घेतलं, पण मनातून एझ्राभाऊंवर संतापले होते. माणसानं आपला जीव वालांवर टांगावा? आणि वाल भाजणारी कोण, तर मी. माझ्या एका बटणावर या पोरीचा बाप टांगला गेला होता.

घरी आल्या आल्या मी पहिलं काम केलं ते म्हणजे माझ्या फडताळातलं वालांचं पाकीट फोडून भिजत घातलं. कडवे वाल ते कडवे वाल, त्यावर काही नाव कोरलेलं नसतं. गुरुवार दुपारपर्यंत त्यांना मोड येतील, ते सोलून शिजवून पुढ्यात ठेवले की झालं. याची मला अजिबात लाज वाटली नाही. मेलेल्या बाईच्या वालांपेक्षा जिवंत माणूस महत्त्वाचा, आणि सेगुलानंही मला हेच कर म्हणून सांगितलं असतं, असं मी स्वतःला पटवलं.

बुधवारी सकाळी मी तिची पुरचुंडी उघडली. उघडता क्षणीच वास आला. वरचे वाल करडे पडले होते, हात लावला की सालं सुटून आतलं पीठ बोटांना चिकटत होतं. कडेचेही तसेच. मी ओट्यापाशी उभी राहून सेगुलाला वाटेल ते बोलले. एवढ्या वर्षांत एक चिठ्ठी नाही लावता आली ओव्हनला? मग डोळे पुसले आणि टाकून द्यायच्या आधी, निव्वळ सवयीनं, हात तळापर्यंत घातला.

अगदी मधोमध, जिथे फडकं ओलं राहिलं होतं, तिथे काही टणक लागले. मी ते एकेक करून वेचले. वाटीभरही नव्हते. पण कालच्यापेक्षा त्यांचे कोंभ लांब झाले होते. पोळलेल्या, सडलेल्या वालांच्या मधे ते रात्रभर वाढले होते. मी ते धुतले, स्वच्छ फडक्यात ठेवले आणि कितीतरी वेळ नुसती बघत बसले. मी देवभोळी नाही. पण तेव्हा कोणी शेजारी असतं तर मी त्याला हात जोडायला सांगितलं असतं.

तरीही मी एझ्राभाऊंना लगेच काही बोलले नाही. वाटीभर वाल म्हणजे जिवंत धरायचे की मेलेले? त्यांनी नाही म्हटलं तर? माझे वाल तोवर फुगून तयार होते. ओव्हनमध्ये, दिव्याखाली. दारावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावून.

गुरुवारी यायेल म्हणाली, बाबांना सिनेगॉगला न्यायचंय, गाडी तू काढशील का. सुतकातलं माणूस सात दिवस घराबाहेर पडत नाही ना, असं मी विचारलं. ती म्हणाली, या एकाच दिवशी पडतो, कारण आज सगळेच सुतकात असतात.

त्या दिवसापर्यंत मी त्यांच्या सिनेगॉगमध्ये पाय ठेवला नव्हता. आत गेलो, कोणी मान वर केली नाही, कोणी गुड मॉर्निंग म्हटलं नाही. दिवे मंद होते. आणि सगळी माणसं जमिनीवर. माझे दात बघणारा डेंटिस्ट कॅनव्हासचे बूट घालून, गुडघे पोटाशी घेऊन गालिच्यावर बसला होता. एरवी सुटाबुटात असणाऱ्या म्हाताऱ्या बायका, कॉलेजातल्या मुली, सगळे खाली. एक माणूस रडल्यासारख्या चालीवर वाचत होता. मला अक्षर कळत नव्हतं, पण ती चाल कळत होती. आमच्याकडे माणूस गेल्यावर बायका आठवून आठवून बोलतात तीच. पुढच्या एका माणसाचे खांदे हलत होते. दोन हजार वर्षांपूर्वी जळालेल्या घरासाठी हा न्यू जर्सीतला माणूस कामावर रजा टाकून रडत होता. मी कोपऱ्यात खाली बसले. एझ्राभाऊ त्यांच्यात जाऊन बसले, आणि दफनापासून पहिल्यांदा ते इतरांहून खाली नव्हते.

दुपार टळली तसा वाचणारा थांबला. दुपारनंतर या दिवसाचं दुःख थोडं सैल होतं, खुर्च्यांवर बसायची मुभा असते, असं यायेलनं मला सांगितलं. माणसं गुडघ्यांवर हात टेकून उठू लागली. खुर्च्यांचे आवाज झाले. एझ्राभाऊ उठले नाहीत. त्यांचं घरचं सुतक संपलेलं नव्हतं, त्यांना खालीच बसायचं होतं. एवढ्या सगळ्या माणसांच्या पायांमध्ये ते एकटे बसलेले दिसले.

डेंटिस्ट अर्धा उठला होता. त्यानं एझ्राभाऊंकडे पाहिलं आणि परत खाली बसला. त्याच्या शेजारचा बसला. मग मागची ओळ बसली. कोणी कोणाला खुणावलं नाही, कोणी बोललं नाही. नियम त्यांना उठा म्हणत होता आणि ती माणसं एकामागून एक पुन्हा जमिनीवर बसत होती, एका माणसापायी, ज्याच्याशी त्यातल्या अर्ध्यांची नीट ओळखही नसावी. यायेल तोंडात रुमाल कोंबून रडली. मीही रडले, आणि मला वाटलं, हे बघायला सेगुला हवी होती. मग वाटलं, तिनं हे लहानपणापासून बघितलेलं असणार, म्हणूनच ती त्याला सण म्हणायची.

येताना गाडीत एझ्राभाऊ खिडकीबाहेर बघत होते. मध्येच म्हणाले, "मी तिला चिडवायचो, किती वर्षं रडणार त्या देवळासाठी. ती म्हणायची, मी रडत नाहीये, वाट बघतेय." थोड्या वेळानं म्हणाले, "जुनी माणसं सांगतात, आम्हा सगळ्यांना सोडवणारा तारणहार जन्माला येईल तो याच दिवशी. देऊळ जळालं त्याच दिवशी."

 सिग्नलला थांबले तेव्हा माझं ठरलं होतं. जी माणसं कारण विसरून शेकडो वर्षं दिवस पाळतात, जी उठायची मुभा असून खाली बसतात, त्यांच्यातल्या एकाला मी दुसरेच वाल तिचे म्हणून खाऊ घालणार नव्हते. मग तो जेवो न जेवो. ही भीती खरी होती.

घरी आल्यावर मी दोन्ही वाल वेगवेगळे सोलले. सोलून झाल्यावर दोन वाडगे घेऊन भिंतीपलीकडे गेले. एझ्राभाऊ स्टुलावर होते. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले, गुडघ्यांनी तक्रार केली तरी.

"भाऊ, हे तिचे," मी लहान वाडगा पुढे केला. "एवढेच वाचले. बाकीचे मी भाजले. आणि हे माझे. खरं सांगायचं तर हेच तिचे म्हणून तुम्हाला देणार होते."

त्यांनी लहान वाडगा हातात घेतला. पांढऱ्या-हिरव्या डाळिंब्या बोटानं हलक्या सारल्या. सगळ्यांचे कोंभ शाबूत होते, ते मी जपून सोलले होते. यायेल स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. 

मग त्यांनी तो लहान वाडगा माझ्या मोठ्या वाडग्यात ओतला आणि हातानं सगळं मिसळून टाकलं.

"आमच्यात नियमच आहे," ते म्हणाले. "पहिलं जेवण शेजाऱ्याचं असावं लागतं."

बिरडं मी तिच्या पद्धतीनं केलं. नारळाचं दूध, हिरवं वाटण, आणि मनावर दगड ठेवून गुळाचा खडा घातला नाही. अंधार पडायला लागला तसे यायेल आणि मी अंगणात आकाशाकडे बघत उभ्या राहिलो, कारण चांदण्या दिसल्याशिवाय उपास सुटत नाही. सेगुलाच्या कुंड्यांना कोणीतरी पाणी घातलं होतं. चांदण्या दिसल्यावर आम्ही आत आलो. मी वाडगा एझ्राभाऊंच्या हातात दिला, चमचा दिला, आणि उगाच फडक्यानं ओटा पुसत राहिले, कारण मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

त्यांनी एक घास घेतला. चावला, गिळला. आणि चमचा खाली ठेवला.

यायेलनं माझा हात घट्ट धरला.

"गूळ नाही घातलात," एझ्राभाऊ म्हणाले.

मी म्हटलं, नाही घातला. तिचं बिरडं आहे ना.

"ती घालायची. दोन वर्षं घालतेय. तुम्हाला कळू द्यायचं नाही अशी मला ताकीद होती." ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हलत होतं, ते हसू होतं हे मला उशिरा कळलं. "वरच्या फळीवर बघा. तांदळाच्या डब्यामागं."

मी स्वयंपाकघरातलं उंच स्टूल घेऊन चढले. तांदळाच्या डब्यामागं एक स्टीलचा डबा होता. झाकणावर कोरलेलं होतं, सौ. शैलजा गुप्ते. आत अर्धा गूळ उरला होता. मुंग्यांचा.

मी त्या स्टुलावर उभी राहून इतकी हसले की यायेल घाबरली. मग हसता हसता रडू कोसळलं, आणि ते काही केल्या थांबेना. दोन वर्षं मी दीपाला बोलले. दोन वर्षं ही बाई माझ्या गुळाचं बिरडं खात होती आणि माझ्या तोंडावर त्याला पुरण म्हणत होती. तिच्याशी भांडायला माझ्याकडे एवढा सज्जड पुरावा हातात होता आणि ती नव्हती.

एझ्राभाऊंनी वाडगा पुढे केला. मी गूळ किसून घातला.

"थोडा जास्त घाला," ते म्हणाले.

त्यांनी तो वाडगा संपवला. मग यायेलनं न विचारता त्यांना पुन्हा वाढलं, आणि तोही त्यांनी खाल्ला, सावकाश, प्रत्येक डाळिंबी चावून. यायेल त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली आणि भांड्यातूनच खाऊ लागली, तशी ती लहानपणी खायची म्हणे. मीही एक वाटी घेतली. तिचे वाल कुठले आणि माझे कुठले ते सांगता आलं नसतं.

निघताना मी डबा उचलला. दीपाला दाखवायचा होता आणि तिची माफीही मागायची होती. दाराशी पोचले तेवढ्यात एझ्राभाऊंचा आवाज आला.

"शैलजाताई, डबा राहू द्या. पुढच्या वर्षी लागेल."

मी परत आत गेले, स्टुलावर चढले आणि डबा तांदळाच्या मागं होता तिथेच ठेवला.